एक २ टीबी एसएसडी घेऊ की १ टीबीच्या दोन जोडून वापरू?

बार्शीचा_कॅमेरेवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही. दोन कॅमेरे स्वतःचे, सीझनला एखादा भाड्याने. एडिटिंग घरीच करतो. मशीन २०२० मधे जोडून घेतलेलं, रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ३२ जीबी रॅम, १६६० चं ग्राफिक कार्ड, त्यात विंडोजला २५० जीबीची साधी साटा एसएसडी आणि फूटेजला ४ टीबीची हार्डडिस्क. एडिटिंग डायरेक्ट हार्डडिस्कवरूनच चालतं आणि तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन लावली की अशी अडकत अडकत चालते की वाटतं नवरा-नवरी म्हातारे होतील पण अंतरपाट काही बाजूला व्हायचा नाही.

आता एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान, थेट बोर्डावर बसणारी एसएसडी) घ्यायचं पक्कं केलंय. बोर्डावर ती बसवायचे एम.२ चे दोन स्लॉट आहेत. दुकानदार म्हणतो एक २ टीबी घेण्यापेक्षा १ टीबीच्या दोन घ्या, रेड झिरो (दोन डिस्क जोडून एकीसारख्या वापरायच्या) करून देतो, स्पीड डबल होतो आणि वर दीड हजार रुपये वाचतात. एका व्हिडिओत पण बघितलं, साडेतीन हजार एमबी वेगाच्या दोन जोडल्या आणि सात हजारचा आकडा आला. खरंच असं होतं का? आणि झालं तर माझ्या कामात फरक पडेल का? तुळशीच्या लग्नानंतर मला मान वर करायला वेळ नसतो, त्याआधी काय ते उरकायचंय.

निळी_छत्री
रेड झिरो म्हणजे दोनातली एक गेली की दोन्ही गेल्या. दुसऱ्याच्या लग्नाचं फूटेज आहे, नको. पुढील लेखनास शुभेच्छा.

हौशी_गेमर
नको नको काय लगेच. माझ्याकडे तीन वर्षं दोन ५०० जीबी रेड झिरोमधे आहेत, एकदाही त्रास नाही. क्रिस्टलडिस्कमार्कला (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) ६८०० रीड येतो. गेम लोड व्हायला वेळ लागत नाही. लोक उगाच घाबरवतात, एसएसडीत फिरणारा भाग नसतो, हार्डडिस्कसारखी पडायला धडपडायला ती काय हार्डडिस्क आहे का.

निळी_छत्री
गेम परत डाउनलोड होतो. सप्तपदी परत डाउनलोड होते का?

हौशी_गेमर
बरं हा मुद्दा मान्य. 😄

चिपसेटकाका
बार्शीकर, दुकानदाराला एक प्रश्न विचारा, तो दुसरा एम.२ स्लॉट कुठून चालतो. उत्तर आलं नाही तर त्याच्याकडून फक्त माल घ्या, सल्ला नको.

सविस्तर सांगतो. तुमच्या बोर्डावर प्रोसेसरजवळचा जो वरचा स्लॉट आहे तो थेट रायझनला जोडलेला असतो, पीसीआयई ३.० च्या (डेटा जायच्या रस्त्याच्या) चार लेन, म्हणजे कागदावर ३९०० आणि हातात साधारण ३५०० एमबी पर सेकंद. खालचा स्लॉट बहुतेक बी४५० बोर्डांवर चिपसेटमधून (बोर्डावरची मदतनीस चिप) येतो आणि बी४५० चिपसेटच्या स्वतःच्या लेन पीसीआयई २.० च्याच आहेत. चारही लेन दिल्या असतील तरी कागदावर २००० आणि प्रत्यक्षात त्याच्याही खाली. दोनच दिल्या असतील तर त्याच्या निम्मं. काही बोर्डांवर तर खालचा स्लॉट फक्त साटाचा असतो, एनव्हीएमई त्यात बसते पण दिसत नाही, आणि काहींवर खालचा स्लॉट वापरला की साटाचे दोन पोर्ट बंद पडतात, म्हणजे तुमची ४ टीबी हार्डडिस्क गायब झाली म्हणून परत धागा काढाल.

रेड झिरोमधे डेटाचे पट्टे पाडून एक पट्टा हिच्यावर एक तिच्यावर असं लिहितात. बैलगाडीला एक बैल खिलार आणि दुसरा म्हातारा जुंपला तर गाडी म्हाताऱ्याच्या चालीने जाते. वरच्या स्लॉटमधली ३५०० वाली खालच्या सोळाशेवालीची वाट बघत बसणार. दोन्ही मिळून ३२००-३३०० पडतील, म्हणजे वरच्या स्लॉटमधे एकच लावली असती तर जेवढे मिळाले असते त्यापेक्षा कमीच. व्हिडिओवाल्याचा बोर्ड वेगळा असणार.

इंटेलवाल्यांनी पण हसू नये, त्यांच्याकडे डीएमआय ३.० (चिपसेट-प्रोसेसर जोडणी) च्या काळातल्या बोर्डांवर दोन्ही स्लॉट चिपसेटवर आणि चिपसेट ते प्रोसेसर हा रस्ताच मुळी चार लेनएवढा रुंद. तिथे तर दोन जोडा नाहीतर तीन, ३९०० च्या वर पाणी जायचंच नाही.

मॅन्युअल काढा, 'एम२_१' आणि 'एम२_२' समोर काय लिहिलंय ते इथे टाका.

बार्शीचा_कॅमेरेवाला
काका मॅन्युअल सापडलं, खोक्यात होतं. खालच्यासमोर लिहिलंय पीसीआयई २.० एक्स४. आणि खाली बारीक अक्षरात साटा ५ आणि ६ बंद होतील असं पण आहे. हार्डडिस्क नेमकी ५ मधे आहे 🙏 म्हणजे दुकानदाराने मला शेंडी लावली म्हणायची का?

चिपसेटकाका
शेंडी वगैरे नाही हो, त्याला माहीतच नसणार. दोन डब्या विकल्या की त्याचं काम झालं.

टर्मिनल_ताई
काकांनी बोर्डाचं सांगितलं, मी डिस्कच्या पोटातलं सांगते. कारण हा प्रश्न दर चार महिन्यांनी येतो आणि दरवेळी सगळे वेगाच्या आकड्यात अडकतात.

एसएसडी म्हणजे आतल्या आत रेड झिरोच असते. कंट्रोलर नावाची एक चिप मधे आणि तिच्या हाताखाली नँडच्या (डेटा साठवणाऱ्या) चिपा, कंट्रोलर त्या सगळ्यांवर एकाच वेळी वाटून लिहितो. म्हणून जास्त जीबीची डिस्क बऱ्याचदा वेगवानही असते, वाटायला जास्त हात असतात. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ॲपलचं. २०२२ मधे एम२ चिपचा १३ इंची मॅकबुक प्रो आला त्यात २५६ जीबीला एकच नँड चिप लावली होती, आधीच्या एम१ वाल्यात १२८ च्या दोन होत्या. नवीन मशीनचा रीड २९०० च्या आसपास होता तो साडेचौदाशेच्या आसपास आला, लोकांनी उघडून बघितलं तेव्हा कळलं. मग २०२४ च्या एम३ एअरमधे परत दोन चिपा आल्या.

म्हणजे 'दोन जोडल्या की जोरात' हे खरं आहे, पण ते काम कंपनीने डब्यात करूनच दिलेलं असतं. बाहेरून परत जोडताना तुम्ही फक्त एक कंट्रोलर, एक फर्मवेअर आणि एक बोर्डाचा ड्रायव्हर अशा बिघडायच्या जागा वाढवताय.

आता लहान-मोठ्यातला फरक आकड्यात. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लसचा कागद काढून बघा. लिहिताना आधी एक वेगवान कप्पा भरतो, तो भरल्यावरचा खरा वेग ५०० जीबीला ९०० आणि १ टीबीला १७०० एमबी. पण १ आणि २ टीबीत तो फरक जवळपास संपतो, १७०० आणि १७५०. आयुष्य, म्हणजे टीबीडब्ल्यू (एकूण किती टीबी लिहून होईल), जागेच्या प्रमाणात वाढतं, ५०० ला ३००, १ टीबीला ६००, २ टीबीला १२००. तर ज्यांना २५० च्या दोन की ५०० ची एक असा प्रश्न आहे त्यांनी डोळे झाकून ५०० घ्यावी. बार्शीकरांच्या केसमधे वेग आणि आयुष्य दोन्ही बाजूला सारखंच पडतं, तेव्हा निर्णय दुसऱ्या गोष्टीवर करा.

(अवांतर: रेड हा शब्द १९८८ मधे बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांच्या पेपरातून आला. त्यात लेव्हल १ ते ५ होत्या. झिरो नंतर लोकांनी चिकटवली, कारण रेडमधला जो 'आर' आहे, एकाला दुसरी जोड असण्याचा, तो त्यात शून्य आहे.)

हौशी_गेमर
ताई पण मग माझा ६८०० खोटा का?

टर्मिनल_ताई
खरा आहे. पण तो एका मोठ्या फाईलचा सलग वेग आहे. त्याच क्रिस्टलडिस्कमार्कमधली सगळ्यात खालची ओळ बघ, ४के क्यू१टी१, म्हणजे ४ केबीचे बारीक तुकडे एकेक करून वाचायचा वेग. तिथे किती आहे?

हौशी_गेमर
५४

टर्मिनल_ताई
एकटी असताना पण तेवढाच असणार. गेम, विंडोज, ब्राउझर यांचा जीव त्या ओळीत असतो. ४ केबीचा तुकडा एकाच डिस्कवर असतो, त्याला दुसरी डिस्क काय मदत करणार.

हौशी_गेमर
आता कळलं मित्राच्या एकाच डिस्कवर तोच गेम माझ्याइतक्याच वेळात का उघडतो. तीन वर्षं मी त्याला चिडवतोय.

अर्धे_फोटो
सहसा लिहीत नाही पण हा धागा बघून राहवेना.

२०१३ ची गोष्ट. साटाच्या १२० जीबीच्या दोन एसएसडी, इंटेलचा बोर्ड, रेड झिरो. तेव्हा ते बरोबर पण होतं, साटाची मर्यादाच ५५० च्या आसपास, दोन जोडल्या की हजार, गल्लीतला सगळ्यात फास्ट पीसी. सगळं त्याच्यावर. ताईच्या साखरपुड्याचे फोटो पण त्याच्यावर, म्हटलं नंतर डीव्हीडी मारू.

एसएसडी खराब झाल्या नाहीत. दोन्ही आजही चालू आहेत, एक वडिलांच्या लॅपटॉपमधे आहे. गेली ती बोर्डावरची बटणाची बॅटरी, पस्तीस रुपयाची. मी बाहेरगावी. घरी लाईट गेली, आली, मशीन चालू केलं तर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) आपल्या मूळ सेटिंगवर, आणि त्यात साटाचा मोड रेड सोडून एएचसीआय, म्हणजे डिस्क सुट्या सुट्या. विंडोज कसलं सुरू होतंय. भावाने कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने बघितलं, 'विंडोज उडालंय' म्हणाला, पेनड्राइव्ह लावला. सेटअपमधे दोन वेगळ्या डिस्क दिसल्या, एकीवर काहीतरी वेडंवाकडं पार्टिशन आणि दुसरी अनअलोकेटेड. त्याने पहिलीवरचं सगळं डिलीट मारलं आणि ताजं विंडोज टाकून, तीनशे रुपये घेऊन गेला. त्याची चूक म्हणवत नाही, त्याच्या डोळ्यांना जे दिसलं त्याप्रमाणे त्याने केलं. बायोसमधे जाऊन मोड परत रेड केला असता तर मशीन जसंच्या तसं उठलं असतं, हे मला आल्यावर कळलं.

रिकव्हरीचं सॉफ्टवेअर दोन रात्री चालवलं. मी पट्टा १२८ केबीचा ठेवला होता. ५ एमबीचा एक फोटो म्हणजे असे ४० पट्टे, २० हिच्यावर २० तिच्यावर, आणि हिच्यावरचे गेलेले. जे १२८ केबीच्या आत बसत होते तेवढेच अख्खे सापडले. म्हणजे थंबनेल. ताईच्या साखरपुड्याचे आमच्याकडे नखाएवढे ३१२ फोटो आहेत. मोठे करायला गेलं की ओटी भरणारी काकू आहे की आत्या आहे ते ओळखू येत नाही.

आयडी उगाच घेतलेला नाही.

निळी_छत्री
😔

पाढे_पाठ
अर्धे_फोटो, वाईट वाटलं. ताईंना आमचा नमस्कार.

रिस्कचा हिशेब मांडतो. समजा वर्षात शंभरातल्या दोन डिस्क जातात असं धरलं, नुसतं धरलं, तर एकीला २ टक्के, रेड झिरोत दोघींना मिळून ३.९६. पण वरची गोष्ट बघा, त्यात डिस्क गेलीच नाही. या हिशेबात न बसणारी रिस्कच मोठी असते.

आता बार्शीकर, मूळ दुखणं. तुमच्या कॅमेऱ्याचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहितो) किती ते सांगा आधी. मला शंका आहे की तुम्ही डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला बाम लावताय.

बार्शीचा_कॅमेरेवाला
४के ला १४० एमबीपीएस, १० बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त), एच.२६४ (व्हिडिओ दाबून ठेवायची पद्धत). भाड्याचा कॅमेरा पण तसाच सेट करून घेतो म्हणजे कलर जुळतात.

पाढे_पाठ
झालं तर मग. १४० मेगाबिट भागिले ८, म्हणजे साडेसतरा मेगाबाइट सेकंदाला. तीन कॅमेरे एकदम चालवले तरी साडेबावन्न. तुमची जी जुनी साधी साटा एसएसडी आहे ती ५०० देते, तिच्यातच जवळपास दहा वेळा भागेल. हार्डडिस्कला पण सलग वाचायचं असतं तर जमलं असतं, पण तीन फाईली तीन कोपऱ्यात आणि तिचं मुंडकं इकडून तिकडे पळतंय, तिथे तिचा दम जातो. म्हणजे एसएसडी घ्याच, फरक पडणार आहे. पण ३५०० आणि ७००० मधला फरक तुमच्या टाइमलाइनला कळणार सुद्धा नाही.

दुसरं आणि मोठं. १० बिट ४:२:२ हे तुमच्या १६६० कार्डाला हार्डवेअरमधे डिकोड करता (उलगडता) येत नाही, एनव्हिडियात ते ५० सीरिजपासून आलं. रायझन ३६०० ला आतलं ग्राफिक नाहीच. म्हणजे तिन्ही कॅमेऱ्यांचा सगळा भार प्रोसेसरच्या सहा कोअरवर. टाइमलाइन चालवताना टास्क मॅनेजर उघडून बघा, सीपीयू ९५-१०० दिसला तर डिस्क कितीही जोडा, अंतरपाट तसाच राहणार.

आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करायचं म्हणाल तर १२८ जीबीचं यूएचएस-१ (वेगाचा वर्ग) कार्ड ९० एमबीच्या वेगाने वाचलं तरी २४ मिनिटं लागतात. अडसर कार्डाचा, डिस्कचा नाही.

बार्शीचा_कॅमेरेवाला
आत्ता बघितलं. सीपीयू १००, डिस्क पण १००. दोघं मिळून मला छळायलेत.

टर्मिनल_ताई
प्रॉक्सी करा, म्हणजे फूटेजच्या हलक्या कॉपी. रात्री झोपताना १०८० च्या डीएनएक्सएचआर एलबी (एडिटिंगला हलका फॉरमॅट) प्रॉक्सी बनवायला लावा, सकाळी त्यावर एडिट, एक्सपोर्टला ओरिजिनल आपोआप घेतलं जातं. फुकटातलं औषध आहे. जागा मात्र खातात, म्हणून २ टीबी बरी.

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत मी साइड बिझनेस म्हणून तेच करतो, मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं, इथल्या मराठी मंडळाचा गणपती. माझं मत जरा वेगळं. दोन घ्या पण जोडू नका. एकीवर विंडोज आणि प्रोजेक्ट, दुसरीवर चालू फूटेज. एक गेली तर निम्मंच काम अडतं, आणि एकीवरून वाचून दुसरीवर एक्सपोर्ट केला की दोघी एकमेकींच्या पायात येत नाहीत. दोन वेगळ्या ड्राइव्ह लेटरचा (सी, डी वगैरे) वैताग असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधे जाऊन दुसरीला लेटर न देता सीवरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरमधे माउंट करता येतं. फोल्डर दिसायला सीमधे, आतला माल दुसऱ्या डिस्कवर. फार कमी लोकांना माहितीये.

चिपसेटकाका
मुद्दा चांगला आहे आणि फोल्डरची युक्ती तर झकास. पण त्यांचा खालचा स्लॉट साटा ५-६ खातो आणि पुढे कधी ४ टीबी लागली तर स्लॉट रिकामा असलेला बरा. वरच्या स्लॉटमधे एक २ टीबी, विंडोज आहे त्या २५० साटावरच राहू दे. ती पण वेगळी डिस्कच झाली की, तुमचंच म्हणणं फुकटात साधलं.

एडिसनकर
हो, २५० आधीच आहे हे मी नीट वाचलं नव्हतं. मग एकच. +१

डोंबिवली_फास्ट_नाही
धागा हायजॅक करतोय, सॉरी. ऑफिसने जुना लॅपटॉप स्वस्तात दिला, त्यात २५६ ची एनव्हीएमई आहे आणि एक स्लॉट रिकामा. माझ्याकडे ५१२ ची पडून आहे. दोन्ही जोडून ७६८ ची एकच सी ड्राइव्ह होते का? रेड नको, फक्त जागा एकत्र हवी.

टर्मिनल_ताई
रेड झिरो केलं असतंत तर ७६८ झालीच नसती, लहानीच्या दुप्पट म्हणजे ५१२ च मिळाली असती, उरलेली २५६ वाया. नुसती जागा जोडायला विंडोजमधे स्पॅन्ड व्हॉल्यूम आहे आणि स्टोरेज स्पेसेस आहे, पण स्टोरेज स्पेसेसवरून विंडोज सुरू होत नाही. स्पॅन्डला डायनॅमिक डिस्क (विंडोजची डिस्क विभागायची जुनी पद्धत) लागते, ती मायक्रोसॉफ्टने स्वतःच मोडीत काढत आणलीये, आणि विंडोजचं पार्टिशन त्यात गुंतवणं म्हणजे पुढच्या रीइन्स्टॉलला रडणं. शिवाय एक गेली की दोन्ही जाणं इथेही आहेच, वेग वाढत नाही तो वेगळाच. लिनक्सवर एलव्हीएमने (डिस्क एकत्र करायची सोय) हे छान होतं, मी करते, पण तिथे सुद्धा घरचे फोटो नाही ठेवत.

तुमच्यासाठी एडिसनकरांची फोल्डरवाली युक्ती बेस्ट. किंवा ५१२ वर विंडोज क्लोन (जशीच्या तशी कॉपी) करा आणि २५६ सुटी ठेवा.

डोंबिवली_फास्ट_नाही
क्लोन करतो. धन्यवाद ताई. (बहिणीकडे विचारलं असतं तर दोन टोमणे ऐकावे लागले असते.)

टर्मिनल_ताई
माझे राहिलेत, ते नंतर देते.

माळ्यावरचा_पेटारा
कुणीच बॅकअपवर बोललं नाही अजून. बार्शीकर, डिलिव्हरी दिल्यानंतर फूटेज किती दिवस ठेवता आणि कशावर?

बार्शीचा_कॅमेरेवाला
वर्षभर ठेवतो, ४ टीबीवरच. लोक सहा महिन्यांनी येतात, आजीचा एवढा भाग वेगळा काढून द्या म्हणून. आजी गेलेली असते. नाही म्हणता येत नाही.

माळ्यावरचा_पेटारा
म्हणजे एकच कॉपी. मग दुकानदार जे दीड हजार वाचवत होता ते विसरा आणि उलट थोडे घालून बाहेरची एक ४ टीबीची हार्डडिस्क घ्या. लग्नावरून आलात की कार्ड फॉरमॅट करायच्या आधी दोन ठिकाणी कॉपी, एक एनव्हीएमईवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क वायर काढून कपाटात. मिरर म्हणजे रेड वन करू का असं आता कुणी विचारेल, तर मिररमधे चुकून डिलीट केलेलं दोन्हीकडून एकाच क्षणी डिलीट होतं, तो बॅकअप नाही.

आणि जुनं फूटेज एसएसडीत भरून माळ्यावर टाकू नका. वीज न लावता पडलेल्या एसएसडीचा जेडेकचा (मेमरीचे मापदंड ठरवणारी संस्था) जो नियम आहे तो साध्या ग्राहकांच्या डिस्कला ठरलेलं लिहिण्याचं आयुष्य संपल्यावर ३० डिग्रीला एक वर्ष टिकावी एवढाच. नवी डिस्क त्याहून बरीच जास्त टिकेल, पण आमच्या सोलापूर जिल्ह्यात एप्रिलमधे ३० डिग्रीचा माळा कुणाकडे आहे ते मला कळवा, मी राहायला येतो. ठेवायला हार्डडिस्कच.

बार्शीचा_कॅमेरेवाला
तुम्ही पण सोलापूरकडचे का! पटलं एकदम.

चिपसेटकाका
एक राहिलं. तरीही कुणाला रेड झिरो करायचंच असेल एएमडी बोर्डावर, तर विंडोज टाकताना सेटअपला डिस्क दिसत नाही, आरसी-बॉटम, आरसी-रेड, आरसी-सीएफजी असे तीन ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून याच क्रमाने द्यावे लागतात. आणि बायोस अपडेट केलं की मोड परत रेड करायला विसरू नका. विसरलात तर अर्धे_फोटो यांचा प्रतिसाद परत वाचा आणि पेनड्राइव्हवाल्याला दार उघडू नका.

घाऊक_खरेदी
मुंबईत लॅमिंग्टन रोडला परवाच चौकशी केली होती. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी ज्या भडकल्यात त्या काही उतरत नाहीयेत, उद्या स्वस्त होईल म्हणून थांबू नका. आणि ऑनलाइन बाराशे रुपयात २ टीबी दिसली तर ती २ टीबी नसते, आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं. घेतलीत तर एचटूटेस्टडब्ल्यू (जागा खरी आहे का तपासायचं सॉफ्टवेअर) चालवून पूर्ण भरून वाचून बघा आधी.

बार्शीचा_कॅमेरेवाला
मंडळी, अपडेट देतो, उशीर झाला, एक बारसं आणि दोन साखरपुडे मधेच आले.

२ टीबीची एकच घेतली, आणि ४ टीबी बाहेरची हार्डडिस्क. दुकानदाराला दुसऱ्या स्लॉटचं विचारलं तर म्हणाला 'तुम्हाला बरीच माहिती आहे, दुकान तुम्हीच टाका.' बसवायला घरीच घेतली. स्क्रू इतका बारीक की दोनदा पडला, पहिल्यांदा ग्राफिक कार्डाखाली सापडला, दुसऱ्यांदा सतरंजीत गेला तो गेलाच. मग कार्ट्याला टॉर्च घेऊन शोधायला बसवलं, त्याला एक जुनी टिकली आणि पन्नास पैसे सापडले. एसएसडी स्क्रूशिवाय वर उचलून येत होती म्हणून तेवढा वेळ तशीच सोडून दिली, मशीन चालू केलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप रिपेअरवाल्याकडून एम२ बाय ३ चा स्क्रू आणला, त्याने पैसे घेतले नाहीत. हिटसिंकच्या पॅडवरचं प्लास्टिक काढायचं असतं हे ताईंनी मेसेज करून सांगितलं म्हणून कळलं, मी तसंच दाबत होतो.

तीन कॅमेरे प्रॉक्सीवर लोण्यासारखे चालतायत. प्रॉक्सीशिवाय बघितलं, अजून अडकतंच, सीपीयू १००. म्हणजे पाढे_पाठ म्हणाले तसंच, दोन जोडून आणल्या असत्या तर तिथेच अडकलो असतो आणि वाटलं असतं तिसरी घ्यावी.

अर्धे_फोटो साहेब, एक विचारायचं होतं. ते ३१२ थंबनेल अजून असतील तर मला पाठवता का? साखरपुड्याला तुमच्याकडे फोटोग्राफर कोण होता ते पण सांगा. आमच्या लाईनमधे बरेच जण जुन्या डीव्हीडी टाकत नाहीत.

अर्धे_फोटो
आमच्या शेजारचा मुलगा होता, आता दुबईला असतो. हा विचार बारा-तेरा वर्षांत एकदाही डोक्यात आला नाही. त्याच्या आईला आजच फोन लावतो.

डोंबिवली_फास्ट_नाही
मलाही तोच स्क्रू हवाय, लॅपटॉपच्या दुसऱ्या स्लॉटला दिलेलाच नाही. एम२ बाय ३ म्हणूनच मागायचा का?

चिपसेटकाका
लांबी बोर्डाप्रमाणे थोडी इकडेतिकडे असते. पहिल्या स्लॉटचा काढून सोबत घेऊन जा, त्याच्याकडे डबीभर असतात, लावून बघून देतो. आणि सतरंजीवर बसून काम करू नका.